वृद्ध आईला घेऊन यरुशलेम आणि बेथलेहेमच्या यात्रेला जावे का, आणि गेल्यास कसे?

कॅम्पवासी_बेळगाव

नमस्कार. आम्ही बेळगावच्या कॅम्प भागात राहणारे मराठी ख्रिस्ती कुटुंब. माझी आई बहात्तर वर्षांची आहे, निवृत्त परिचारिका आहे आणि गुडघेदुखी सोडली तर तिची प्रकृती ठणठणीत आहे. आयुष्यभर पवित्र शास्त्र वाचताना गालील, यार्देन, जैतुनाचा डोंगर ही नावे तिच्या मनात घर करून बसली आहेत, आणि ती ठिकाणे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत एवढीच तिची इच्छा आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतील काही जणांनी मागे एका यात्रा कंपनीकडे जॉर्डन, इस्रायल आणि इजिप्त अशा दौऱ्यासाठी पैसे भरले होते. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यात युद्ध पेटले, यात्रा रद्द झाली आणि भरलेल्या रकमेपैकी बराच भाग अजूनही परत मिळालेला नाही. आता नव्याने जाण्याची बोलणी सुरू झाली आहेत, आणि आईने आपले नाव सर्वांच्या आधी दिले आहे.

माझ्या मनात तीन शंका आहेत. परिस्थिती एका रात्रीत बिघडू शकते अशा देशात या वयाच्या माणसाला न्यावे का, ही पहिली. बेथलेहेम हे पॅलेस्टिनी प्रशासनाखाली आहे असे वाचतो. मग तिथे जाण्यासाठी वेगळा व्हिसा लागतो का आणि वाटेतले तपासणी नाके एका वृद्ध स्त्रीला कितपत झेपतील, ही दुसरी. तिसरी शंका माझ्या धाकट्या बहिणीची आहे आणि मला तीच सर्वांत जड वाटते. ती म्हणते की जिथे इतकी माणसे मेली, इतक्या आया रडत आहेत, तिथे आपण मेणबत्त्या लावायला आणि फोटो काढायला कसे जायचे? तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचलेले नाही. जे स्वतः जाऊन आले आहेत किंवा तिथे राहतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खानापूरचा_हायफात

दादा, नमस्कार. मी मूळचा खानापूर तालुक्यातला असून हायफा येथे एका वृद्ध गृहस्थांची देखभाल करण्याच्या नोकरीवर आहे. आपल्या पहिल्या शंकेपुरते लिहितो.

इथे धोका रोज आणि सगळीकडे सारखा नसतो. महिनोन्महिने बाजार, बसगाड्या, शाळा सुरळीत चालतात आणि मग एखाद्या रात्री भोंगा वाजतो. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इथल्या नव्या इमारतींत जाड काँक्रीटची संरक्षक खोली बांधणे कायद्याने सक्तीचे झाले. जुन्या इमारतींतील लोक सार्वजनिक तळघरांत जातात. यरुशलेममध्ये भोंगा वाजल्यापासून आडोसा गाठण्यासाठी साधारण दीड मिनिट मिळते असे धरले जाते. दीड मिनिटात दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले उतरता येत नाहीत, म्हणून हॉटेलात पोहोचताच संरक्षक जागा कोणत्या मजल्यावर आहे हे विचारावे आणि आईंसाठी त्याच मजल्यावरची किंवा तिच्या जवळची खोली मागून घ्यावी. बेथलेहेममध्ये मात्र अशी सोय बहुतेक ठिकाणी नाही, हेही लक्षात असू द्यावे. इथल्या नागरी संरक्षण विभागाचे इशारा देणारे अ‍ॅप मोबाईलवर घ्यावे. ते इंग्रजीतही चालते.

युद्ध पेटल्यास मारा होण्यापेक्षा अडकून पडण्याची शक्यता यात्रेकरूंच्या बाबतीत अधिक असते. जून २०२५ मध्ये हवाई क्षेत्र बंद झाले तेव्हा भारत सरकारने ‘ऑपरेशन सिंधू’खाली इथल्या भारतीयांना जमिनीवरून जॉर्डन आणि इजिप्तमध्ये नेले आणि तिथून विमानाने मायदेशी पाठवले. त्या दिवसांत ज्यांनी आपली नावे दूतावासाकडे नोंदवली होती आणि ज्यांचे पासपोर्ट हाताशी होते, त्यांची कामे लवकर झाली. म्हणून निघण्यापूर्वीच तेल अवीव येथील भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवावे, आणि बेथलेहेममध्ये मुक्काम असल्यास रामल्ला येथील भारताच्या प्रतिनिधी कार्यालयाचा क्रमांकही जवळ ठेवावा. आईंच्या औषधांचा साठा यात्रेच्या दिवसांपेक्षा किमान दोन आठवडे जास्त असावा आणि तो हातातल्या पिशवीत असावा.

प्रवास विम्याबद्दल एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींमध्ये युद्धामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. पडून हाड मोडले तर भरपाई मिळेल, पण युद्धामुळे विमान रद्द झाले तर मिळेलच असे नाही. तेव्हा पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचे पान आधी वाचावे. आणि या वेळी यात्रा कंपनीकडून लेखी घ्यावे की परराष्ट्र मंत्रालयाने प्रवास टाळण्याची सूचना काढली तर किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल. असे लिहून देण्यास जो तयार नाही, त्याच्याकडे आईंचे नाव देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुने_मास्तर_बेळगाव

वरील उत्तर अत्यंत उपयुक्त आहे. मी निवृत्त शिक्षक असून आमच्या मंडळीच्या यात्रेकरूंना घेऊन तिकडे गेलो आहे, म्हणून आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

आधी कागदपत्रे. भारतीय नागरिकाला इस्रायलचा व्हिसा निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो आणि त्याच व्हिसावर बेथलेहेमला जाता येते. पॅलेस्टिनी प्रशासनाचा वेगळा व्हिसा नसतो, कारण त्या भागात शिरण्याचे सर्व मार्ग इस्रायलच्याच ताब्यात आहेत. प्रवेशाच्या वेळी पासपोर्टवर शिक्का न मारता एक छोटी छापील चिठ्ठी देतात. ती परतेपर्यंत जपून ठेवावी, नाक्यांवर आणि हॉटेलात तीच दाखवावी लागते. आपल्या सीमाभागातल्या लोकांची आणखी एक अडचण असते. आपले दाखले, उतारे, निवृत्तिवेतनाचे कागद कन्नडमध्ये असतात आणि आडनावाचे स्पेलिंग आधारवर एक, पासपोर्टवर दुसरे असते. सर्व अर्जांत पासपोर्टवरचेच स्पेलिंग वापरावे आणि कन्नड कागदांचे इंग्रजी भाषांतर नोटरी करून सोबत ठेवावे. ही कामे महिनाभर आधी सुरू करावीत.

आता बेथलेहेम. ते यरुशलेमपासून दहा किलोमीटरच्याही आत आहे, पण मध्ये काँक्रीटची भिंत उभी आहे. ती बांधण्यास २००२ साली सुरुवात झाली आणि शहराजवळ तिची उंची आठ मीटरच्या आसपास आहे. १९९५ च्या करारानुसार पश्चिम किनाऱ्याचे (वेस्ट बँकचे) अ, ब आणि क असे तीन विभाग पडले. बेथलेहेम शहर ‘अ’ विभागात, म्हणजे पॅलेस्टिनी प्रशासनाखाली येते. या विभागाच्या तोंडाशी मोठे लाल फलक असून त्यांवर इस्रायली नागरिकांनी आत जाऊ नये असे बजावलेले असते. त्यामुळे यरुशलेममध्ये सोबत असलेला इस्रायली मार्गदर्शक तिथे थांबतो आणि पुढे स्थानिक मार्गदर्शक येतो. यात घाबरण्यासारखे काही नाही, ही रोजची रीत आहे.

परदेशी यात्रेकरूंना नाक्यावर फारसा त्रास होत नाही. यरुशलेमला परतताना आमची बस थांबली, दोन तरुण सैनिक आत आले, आम्ही जागेवर बसूनच पासपोर्ट आणि चिठ्ठ्या वर धरल्या आणि त्यांनी त्या ओझरत्या पाहिल्या. शेजारी उभ्या असलेल्या साध्या प्रवासी बसमधले स्थानिक लोक मात्र खाली उतरून, हातात परवाने घेऊन उन्हात रांगेत उभे होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात भाजीची पिशवी होती. बेथलेहेममधल्या माणसाला यरुशलेमला प्रार्थनेसाठी यायचे असले, तरी परवाना काढावा लागतो. आपल्याकडे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर तणाव वाढून बसगाड्या अडकल्या की आपण कासावीस होतो, पण चार दिवसांनी बसगाड्या पुन्हा सुरू होतात. तिथल्या माणसाचे अडकणे पिढ्यान्‌पिढ्यांचे झाले आहे, हे आपण यात्रेकरूंनी मनात ठेवून वागावे.

इथूनच मी आपल्या बहिणीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. तिने तो विचारला याचे मला समाधान वाटले. बहुतेक कंपन्यांच्या यात्रेत बेथलेहेमला दोन-तीन तास मिळतात: बस थेट ख्रिस्तजन्माच्या मंदिराजवळ थांबते, रांग लावून तळघरातील गुहेत उतरायचे, चौदा टोकांच्या चांदीच्या ताऱ्याला हात लावायचा, ठरलेल्या दुकानात खरेदी करायची आणि अंधार पडायच्या आत यरुशलेमला परतायचे. अशा यात्रेबद्दल आपल्या बहिणीचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. पण यावर उपाय जाऊच नये हा नसून, गेल्यावर तिथे राहावे हा आहे. बेथलेहेम, बेत जाला आणि बेत साहूर या तीन लागून असलेल्या गावांत पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबे शतकानुशतके राहत आली आहेत. ऑलिव्हच्या लाकडाचे कोरीवकाम, छोटी हॉटेले, मार्गदर्शकाचे काम यांवर त्यांच्यापैकी अनेकांचा आणि त्यांच्या मुसलमान शेजाऱ्यांचा चरितार्थ चालतो. गाझातील युद्धामुळे २०२३ आणि २०२४ च्या नाताळात बेथलेहेमने सार्वजनिक सोहळे रद्द केले. २०२५ मध्ये चौकातल्या झाडावर पुन्हा दिवे लागले. यात्रेकरू थांबले तेव्हा त्या घरांची मिळकत थांबली आणि कित्येक कुटुंबे देश सोडून गेली. यात्रेकरूंनी पुन्हा यावे असे आवाहन तिथल्या धर्मगुरूंनी वारंवार केले आहे. म्हणून माझी विनंती अशी की आपल्या गटाने किमान दोन रात्री बेथलेहेममध्ये मुक्काम करावा, रविवार असल्यास तिथल्या मंडळीबरोबर उपासनेला बसावे आणि खरेदी कोरीवकाम करणाऱ्याच्या कार्यशाळेतूनच करावी. रडणाऱ्या आयांच्या गावी पाहुणे म्हणून राहणे आणि त्यांचे ऐकून घेणे यात मला कोणताही अपमान दिसत नाही.

त्याचबरोबर, इस्रायली बाजूच्या माणसांचे दुःखही आपण ऐकावे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात ज्यांची माणसे मारली गेली किंवा ओलीस नेली गेली, असे कोणी ना कोणी तिथल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहे. आपले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल लोकही तिथे मोठ्या संख्येने आहेत. अश्दोद, लोद, दिमोना या गावांत अजूनही मलिद्याचे ताट मांडले जाते आणि कोकणातल्या आठवणी निघतात. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी जाण्याचा योग आला तर तो चुकवू नये. दोन्हीकडे एकच पथ्य पाळावे: आपण मत देऊ नये, विचारपूस करावी.

गुडघ्यांबाबत सांगायचे तर ख्रिस्तजन्माच्या मंदिराचे दार जेमतेम सव्वा मीटर उंचीचे आहे, तिथे वाकावेच लागते. गुहेच्या पायऱ्या अर्धगोलाकार आणि झिजून गुळगुळीत झालेल्या आहेत. यरुशलेममधील पवित्र कबरेच्या मंदिरात कालवरीवर, म्हणजे येशूला क्रूसावर दिले त्या जागेवर, चढण्याचा जिनाही अरुंद आणि उभा आहे. क्रूसाच्या वाटेचा, म्हणजे येशू क्रूस घेऊन चालला त्या वाटेचा, मार्ग जुन्या शहरातल्या दगडी, चढ-उताराच्या गल्ल्यांतून जातो. आईंना सर्व चौदा स्थानके एका दमात करण्याचा आग्रह धरू नये. शेवटची पाच स्थानके पवित्र कबरेच्या मंदिराच्या आतच आहेत, तेवढी शांतपणे करावीत. त्या मंदिरात सहा ख्रिस्ती पंथांचे हक्क एकोणिसाव्या शतकात ठरलेल्या व्यवस्थेनुसार तासातासाने आणि खांबाखांबाने वाटलेले आहेत, आणि दाराची किल्ली मात्र शेकडो वर्षांपासून एका मुसलमान कुटुंबाकडे आहे. मिरवणूक आली की कोणी तरी हात करून बाजूला व्हायला सांगते. त्यात राग मानू नये. पहाटे दार उघडताच गेल्यास आईंना कबरेपाशी फार वेळ उभे राहावे लागणार नाही.

निपाणीकर_शिक्षक

मास्तरांनी लिहिलेले मनापासून पटले. मी निपाणीचा मुसलमान असून, उमरा करून आम्ही काही जण जॉर्डनमार्गे अल-अक्सा मशिदीत नमाजासाठी गेलो होतो. आपल्या दौऱ्यातही जॉर्डन असल्याने सीमेबद्दल थोडे सांगतो.

जॉर्डनहून पलीकडे जाण्याचे तीन मार्ग आहेत. उत्तरेला शेख हुसेन पूल, मध्ये किंग हुसेन किंवा अ‍ॅलनबी म्हणतात तो पूल आणि दक्षिणेला अकाबाजवळचे नाके. मधला पूल यरुशलेमला सर्वांत जवळचा, पण गर्दीही तिथेच सर्वाधिक. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी त्याची वेळ मर्यादित असते आणि काही घडले की तो अचानक बंदही होतो. जॉर्डनचा व्हिसा त्या पुलावर मिळत नाही, ही गोष्ट परतीच्या प्रवासाचा विचार करताना विसरू नये. आपल्याला आधी गालीलकडे जायचे असेल तर उत्तरेचा पूल सोयीचा आहे. कोणत्याही पुलावर सामान स्वतः उतरवून यंत्रातून न्यावे लागते, बस बदलावी लागते आणि बसायला पुरेशी जागा मिळेलच असे नाही. आईंसाठी घडीची खुर्ची किंवा काठीचे आसन जरूर न्यावे.

आम्हाला चौकशीसाठी बराच वेळ बसवून ठेवले. आजोबांचे नाव, नोकरी, कुठे राहणार, तिथे कोण ओळखीचे आहे, असे प्रश्न वेगवेगळे अधिकारी पुन्हा पुन्हा विचारत होते. आमच्यातला एक तरुण चिडला आणि त्यामुळे सर्वांचाच खोळंबा झाला. आपल्याला इतका त्रास होणार नाही, पण विचारलेच तर थोडक्यात, खरे आणि गटातील सर्वांनी सारखे उत्तर द्यावे. इराण, लेबनॉन किंवा पाकिस्तानचे शिक्के कुणाच्या पासपोर्टवर असतील तर त्याबद्दल प्रश्न येणारच.

हरम-ए-शरीफचे, म्हणजे अल-अक्सा मशीद आहे ते, आवार पाहण्याची आपली इच्छा असेल, तर मुसलमानेतरांना केवळ मगरबी दरवाजातून, ठरावीक वेळेतच, आणि तेही शुक्रवार-शनिवार वगळून जाता येते. मशिदीत किंवा सोनेरी घुमटाच्या आत प्रवेश नाही. तिथे धर्मग्रंथ किंवा पूजेच्या वस्तू नेऊ नयेत आणि मोठ्याने प्रार्थना करू नये. याच ठिकाणावरून कितीदा रक्त सांडले आहे हे आठवावे आणि कुणाच्याही भावना दुखावतील असे काही करू नये. आम्हाला स्वतःलाही दारावर कुराणातील एक सूरा म्हणून दाखवावी लागली होती.

जुन्या शहरात हेरोदाच्या दरवाजाजवळ भारतीय धर्मशाळा आहे. सूफी संत बाबा फरीद यांनी तिथे साधना केली असे मानले जाते, आणि सहारनपूरहून गेलेले अन्सारी कुटुंब १९२४ पासून तिची देखभाल करते. त्या अंगणात तिरंगा पाहून आमच्यातल्या वयस्करांचे डोळे भरून आले. वाटेत असल्यास जरूर डोकवावे.

मराठा_सेंटरजवळचा

मी निवृत्त सैनिक आहे. एकच सूचना करतो. १०५ वी मराठा लाईट इन्फन्ट्री १९१८ साली पॅलेस्टाईनच्या मोहिमेत लढली होती, आणि आपल्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरशी तिचा थेट वारसा जोडलेला आहे. यरुशलेमच्या तालपियोत भागात भारतीय सैनिकांची युद्धकालीन दफनभूमी आहे. गटाला पंधरा मिनिटे मिळाली तर तिथे कृपया फुले ठेवावीत.

कॅम्पवासी_बेळगाव

सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांचे उत्तर मी बहिणीला वाचून दाखवले. तिचा विरोध पूर्ण मावळला असे म्हणणार नाही, पण बेथलेहेममध्ये मुक्काम होणार असेल तरच आईला पाठवावे, एवढ्यावर ती आली आहे. यात्रा कंपनीला मी आज तसे लेखी कळवले. आईची इच्छा ईस्टरच्या सुमारास जाण्याची आहे. ते योग्य होईल का?

जुने_मास्तर_बेळगाव

आईंची इच्छा समजू शकतो, परंतु मी ईस्टर टाळण्याचा सल्ला देईन. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), ज्यूंचा वल्हांडण सण आणि कधी कधी रमजान हे सर्व त्या आठवड्यांत जवळ जवळ येतात. जुन्या शहरात मुंगीला वाव राहत नाही, पोलिसांचे अडथळे वाढतात आणि तणावाच्या घटनाही याच काळात अधिक घडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यूंचे सण असतात, आणि योम किप्पूरच्या दिवशी तर विमानतळही बंद असतो. नोव्हेंबर महिना मला सर्वांत चांगला वाटतो: ऊन सौम्य असते, पाऊस नुकताच सुरू होत असतो आणि रांगा लहान असतात. मात्र शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत यरुशलेममध्ये बसगाड्या आणि बरीच दुकाने बंद राहतात, म्हणून बेथलेहेमचा मुक्काम शुक्रवार-शनिवार रात्रीचाच ठेवावा; रविवारी सकाळची उपासनाही त्यामुळे तिथेच होईल.

येशूच्या बाप्तिस्म्याच्या जागी नदी पाहायची असल्यास कार्यक्रम जॉर्डनच्या बाजूने आखावा की पलीकडून, हेही आधी ठरवावे. तिथे यार्देन इतकी अरुंद आहे की पलीकडच्या काठावरच्या यात्रेकरूंचे गाणे स्पष्ट ऐकू येते, आणि मधल्या पाण्यात सीमेची दोरी बांधलेली असते. दोन्ही काठांवर पायऱ्या आहेत. आईंना ज्या बाजूला कमी चालावे लागेल ती बाजू कंपनीच्या स्थानिक माणसाला विचारून घ्यावी.

शेवटी तिकिटांबद्दल. तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्यावे, चार पैसे जास्त पडले तरी चालतील. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईला त्याच दिवशी जाऊन रात्रीचे विमान पकडण्याची घाई करू नये. एक दिवस आधी मुंबई गाठावी, आणि अम्मानला उतरल्यावर पहिली रात्र तिथेच काढून दुसऱ्या दिवशी सकाळी सीमेकडे निघावे.